वाद किती फाटलाय हे मोजायचं कसं? (टेकडीच्या रस्त्याचा वाद, कोथरूड)

टेकडीची_वाट | प्रश्न

नमस्कार. मी कोथरूडला राहते, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला. सत्तावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मीन (सरासरी), मीडियन (ओळीतला मधला आकडा), एसडी (पसाऱ्याचं माप) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरीही एका ठिकाणी अडले आहे, म्हणून इथे लिहिते.

आम्ही आठ जणी रोज सकाळी टेकडीवर जायचो. पावणेसहाला गेटशी जमायचं, वेताळ टेकडी चढायची, उतरताना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा. अकरा वर्षं हे चाललं. मग सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या कडेने रस्ता काढायचा विषय पेटला. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवायला लोक मोर्चात उतरले. तेव्हापासून आमच्या भागातल्या ऑनलाइन गटात हा वाद काही थांबलेला नाही. आमच्यातल्या एकीचा मुलगा रोज लॉ कॉलेज रस्त्याच्या कोंडीतून कामाला जातो, तिला रस्ता हवा आहे. दुसरीने चार उन्हाळे पाण्याच्या बाटल्या वर वाहून टेकडीवरची रोपं जगवली आहेत. आता पहिली पावणेसहाला निघते आणि दुसरी साडेसहाला. आम्ही बाकीच्या सहा जणी मध्ये अडकलो आहोत.

खरंच सगळा परिसर असा दोन तुकड्यांत फाटला आहे, की या दोघींमुळे मला तसं वाटतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून शंभर पानी रजिस्टर आणलं आणि दोन महिन्यांच्या प्रतिक्रिया हाताने उतरवल्या. ८३ माणसांच्या ४८० प्रतिक्रिया निघाल्या. प्रत्येकीला १ ते ५ मध्ये एक आकडा दिला. १ म्हणजे रस्ता मुळीच नको, ५ म्हणजे झालाच पाहिजे, ३ म्हणजे मधोमध.

ताडून बघायला त्याच गटातला दुसरा वाद घेतला, रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारावेत का हा. त्यावरही लोक खूप भांडले, पण बोलणं कुणाचं तुटलं नाही.

दोन्ही वादांत मीन ३ च्या आसपास आला आणि व्हेरिअन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याचं माप, दोन्हीकडे जवळजवळ २. एका वादाने मैत्री मोडली आणि दुसऱ्याने चहासुद्धा थांबला नाही, तरी आकडा एकच कसा? व्हेरिअन्स चुकीचा आहे, की मी तो चुकीच्या गोष्टीवर लावते आहे? जाणकारांनी नीट समजावून सांगावं ही विनंती.

---

आकडेमोड | उत्तर

मॅडम, तुम्ही हाताने ४८० प्रतिक्रिया उतरवल्यात, त्यामुळे तुम्हाला वरवरचं उत्तर देणार नाही. मी बाणेरला डेटाचं काम करतो.

व्हेरिअन्स चुकीचा नाही. माणसं मीनपासून किती लांब उभी आहेत त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, एवढंच तो सांगतो. ती एकेकटी विखुरली आहेत की घोळके करून उभी आहेत, हे त्याला दिसतच नाही. १२० माणसं घ्या आणि ही तीन चित्रं काढून बघा.

पहिलं: १ ते ५ प्रत्येक आकड्यावर २४ माणसं.
दुसरं: १ वर ३०, ३ वर ६०, ५ वर ३०.
तिसरं: १ वर २०, २ वर ४०, ३ वर एकही नाही, ४ वर ४०, ५ वर २०.

तिन्हींचा मीन ३ आणि तिन्हींचा व्हेरिअन्स बरोबर २. पण दुसऱ्यात निम्मी माणसं मधोमध बसली आहेत, आणि तिसऱ्यात मधल्या बाकावर कोणीच नाही. डोळ्यांना जो फरक लगेच कळतो, तो व्हेरिअन्सला कळत नाही.

कर्टोसिसला (मीनपासूनच्या अंतरांच्या चौथ्या घातांची सरासरी, भागिले व्हेरिअन्सचा वर्ग) मात्र कळतो. पहिल्याचा १.७, दुसऱ्याचा २, तिसऱ्याचा १.५. साधारणपणे हा आकडा जितका खाली, तितका मध्य रिकामा आणि कडेला दोन उंचवटे. निम्मे १ वर आणि निम्मे ५ वर असतील तर तो १ येतो, त्याखाली जाऊच शकत नाही. पॉल डिमॅजिओ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकन लोकांची मतं खरंच दुभंगली आहेत का हे तपासलं, तेव्हा पसारा आणि दोन उंचवटे या गोष्टी त्यांनी मुद्दाम वेगळ्या मोजल्या होत्या.

दुसरा मार्ग अर्थशास्त्रातून आला आहे. जोआन एस्तेबान आणि आपले देबराज रे यांनी १९९४ मध्ये मांडलेलं माप. त्यांचं म्हणणं असं, की ताण दोन गोष्टींनी मिळून वाढतो: माझ्यासारखे माझ्याबरोबर किती आहेत, आणि समोरचे माझ्यापासून किती लांब आहेत. एकटा माणूस कितीही टोकाचा असला तरी तो बंड करत नाही. त्याच्या पाठीशी चाळीस माणसं उभी राहिली की गोष्ट बदलते. हिशेब असा: प्रत्येक दोन गटांसाठी पहिल्या गटाच्या वाट्याचा वर्ग, गुणिले दुसऱ्याचा वाटा, गुणिले दोघांतलं अंतर, आणि मग सगळ्यांची बेरीज. (वर्गाच्या जागी थोडा लहान-मोठा घातांकही चालतो, पण वर्ग घेतला की हाताने करता येतं.) तुमच्या १ ते ५ च्या पट्टीवर निम्मे-निम्मे दोन टोकांना गेले तर उत्तर १ येतं. त्याहून जास्त येत नाही.

---

टेकडीची_वाट

आकडेमोड, मनापासून आभार. तीन चित्रांचं उदाहरण हातात असतं तर वर्गात मी ते दरवर्षी फळ्यावर काढलं असतं.

काल रात्री एस्तेबान-रे यांचं गणित तिन्ही चित्रांना लावलं. पहिल्याला ०.३२ आलं, दुसऱ्याला ०.५० आणि तिसऱ्याला ०.४१. दोनदा केलं, पेन्सिलने, पायऱ्या लिहून. तेच आलं. याचा अर्थ निम्मी माणसं मधोमध बसलेलं दुसरं चित्र सगळ्यात जास्त फाटलेलं ठरतं, आणि मध्य रिकामा असलेलं तिसरं त्याहून कमी. हे मनाला पटत नाही. कुठे चुकले?

---

आकडेमोड

मॅडम, तुम्ही चुकला नाहीत. अर्धी गोष्ट मीच सांगायची राहिलो.

या सूत्रात २ वर बसलेला माणूस १ वर बसलेल्याला आपला मानत नाही. शेजारच्या आकड्यावर असला तरी तो परकाच. तिसऱ्या चित्रात त्यामुळे विरोधकांचे दोन लहान गट होतात, समर्थकांचे दोन, आणि एकी विरते. दुसऱ्यात मात्र मधले ६० जण एकच भक्कम गट ठरतात, म्हणून आकडा फुगतो.

आता १ आणि २ एकत्र करा, ४ आणि ५ एकत्र करा, प्रत्येक गटाची जागा म्हणजे त्याची सरासरी धरा, आणि परत करून बघा. पहिलं ०.५३, दुसरं ०.५०, तिसरं ०.६७. आता तुमच्या मनाला पटतं तसा क्रम लागतो.

पण यातून एक जबाबदारी अंगावर येते. गट कुठे तोडायचे हे सूत्र सांगत नाही, ते आपण ठरवतो. तुमच्या भागात "शक्यतो नको" म्हणणारा माणूस "मुळीच नको" वाल्यांबरोबर मोर्चात चालतो का? चालत असेल तर १ आणि २ एक करा. नसेल तर नका करू. हे मला बाणेरला बसून कळणार नाही, तुम्हाला टेकडीवर कळेल. पुढे २००४ मध्ये दुक्लो यांना बरोबर घेऊन एस्तेबान आणि रे यांनी सलग पट्टीसाठीही हे माप बसवलं. तिथे गट हाताने तोडावे लागत नाहीत. रजिस्टरवरच्या कामाला मात्र पहिलंच सोपं जातं.

---

झेडब्रिजवरून | उत्तर

मॅडम, मी डॉक्टरेट करतोय, ऑनलाइन संवादांच्या जाळ्यांवर. वरचं सगळं बरोबर आहे, पण त्यात प्रत्येक माणूस एकटा धरला आहे. वादात माणसं एकमेकांशी बोलतात. कोण कुणाला दाद देतं, कोण कुणाला उत्तर देतं, हेही मोजण्यासारखं आहे.

आपल्या नदीवरून सांगतो. डेक्कनला एक माणूस उभा करा. प्रत्येक चौकात त्याने डोळे मिटून कुठलातरी रस्ता धरायचा आणि चालत राहायचं. सगळे पूल चालू असले तर थोड्या वेळात तो लक्ष्मी रस्त्यावर सापडायला हरकत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की ती शक्यता घटली. सगळेच पूल बंद केले तर तो जन्मभर डेक्कनलाच फिरेल. किरण गरिमेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादांसाठी जे माप बनवलं ते साधारण असंच चालतं. माणसं म्हणजे चौक आणि दाद म्हणजे रस्ते. भटकंती एका बाजूला संपली, तर ती त्याच बाजूला सुरू झालेली असण्याची शक्यता किती? दोन्हीकडे ०.९ असेल तर ०.९ गुणिले ०.९ वजा ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.८०. वाद खोल आहे. दोन्हीकडे ०.६ असेल तर फक्त ०.२०. येणंजाणं चालू आहे.

यात एक खाचखळगा आहे. रस्ता म्हणून काय धरता यावर सगळं फिरतं. अमेरिकेतल्या २०१० च्या मध्यावधी निवडणुकीच्या आधीचे ट्वीट मायकेल कॉनव्हर आणि सहकाऱ्यांनी तपासले. रिट्वीटच्या जाळ्यात डावे-उजवे स्वच्छ दोन बाजूंना पडले. एकमेकांचा उल्लेख करून बोलण्याच्या जाळ्यात मात्र ते एकमेकांत मिसळलेले होते. माणसं तीच, आठवडे तेच. दाद आपल्याच माणसाला देतात आणि भांडतात समोरच्याशी, इतकं ते साधं आहे. त्यामुळे तुमच्या रजिस्टरात अंगठे आणि उत्तरं यांचे दोन वेगळे रकाने ठेवा, एकत्र मिसळू नका.

आणि जाळं दोन तुकड्यांत दिसलं म्हणजे वैर आहे असंही नाही. कोथरूडचे कोथरूडकरांशी बोलतात आणि हडपसरचे हडपसरकरांशी, तेवढ्यानेही दोन तुकडे पडतात.

आता प्रतिक्रियांच्या आकड्यांबद्दल. हाताने दिलेत ते उत्तम केलंत. मराठीसाठी पुण्यातल्याच एल३क्यूब गटाने मोठं काम केलं आहे. त्यांच्या महासेंट या संचात सुमारे १६,००० मराठी ट्वीट आहेत, सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी खूण केलेले. मी ते रोज वापरतो आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण भावना वेगळी आणि बाजू वेगळी. "कोंडीने जीव नकोसा झालाय" यात भावना नकारात्मक, बाजू रस्त्याची. "किती सुंदर आहे आपली टेकडी" यात भावना सकारात्मक, बाजू रस्त्याच्या विरोधात. यंत्राला नुसती भावना ओळखायला शिकवून हे उलगडत नाही. शिवाय बरेच लोक मराठी रोमन लिपीत लिहितात.

एक मात्र नक्की करा. तुमचे आकडे न दाखवता दुसऱ्या कुणाकडून शंभर प्रतिक्रियांना आकडे देऊन घ्या. दोघींचं किती जुळतं ते बघा. नुसती टक्केवारी धरू नका, योगायोगाने जुळलं असतं तेवढं वजा करा. जेकब कोहेन यांचा १९६० चा काप्पा याचसाठी आहे.

---

सदाशिवातला_फिरस्ता | उत्तर

बाई, मी सर्वेक्षणाच्या कामात तीस वर्षं दारोदार फिरलो. पुणे, सातारा, सोलापूर, काही वर्षं मराठवाडा. माझं सांगणं थोडं वेगळं आहे, रागावू नका.

४८० प्रतिक्रिया म्हणजे ४८० माणसं नव्हेत. माणसं ८३ आहेत. त्यातल्या कुणी किती लिहिलं ते मोजलंत का? आधी ते मोजा. एका माणसाने चाळीस वेळा ५ म्हटलं तर ते एकच ५.

आणि ८३ माणसं म्हणजे परिसर नव्हे. दार उघडून मत सांगणाऱ्या गृहस्थापेक्षा आतून "त्यांनाच विचारा" म्हणणाऱ्या बाईंचं मत बरेचदा वेगळं निघायचं, आणि ते मिळवायला दोनदा जावं लागायचं. गटात न लिहिणारा माणूस तसाच असतो.

पुण्याला हे नवीन नाही. संमतिवयाचा कायदा झाला तो १८९१ चा, मुलीचं वय दहावरून बारा करणारा. त्या वादात टिळक एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या. १८९५ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच मंडपात सामाजिक परिषद घ्यायची की नाही यावर गाव पेटलं होतं. त्या वेळची वर्तमानपत्रं उघडली तर पुण्यात दोनच प्रकारची माणसं राहत होती असं वाटतं. वाड्यांच्या माजघरात ज्या मुलींचा प्रश्न होता, त्यांनी काय म्हटलं ते त्यात सापडत नाही. लिहिणाऱ्यांचं मोजमाप आणि गावाचं मोजमाप यात तेव्हापासून हे अंतर आहे.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. दोन मैत्रिणी बोलत नाहीत, हे तुम्ही मतांच्या अंतराने मोजायला बघताय. माझ्या मते ती गोष्ट वेगळीच आहे. शांतो अय्यंगार, गौरव सूद आणि इफ्ताख लेल्केस यांनी २०१२ मध्ये हेच दाखवलं: समोरच्या पक्षाबद्दलची अढी वाढते, आणि धोरणावर मतं किती लांब आहेत याच्याशी तिचा धागा बराच सैल असतो. त्यांनी लग्नाचा प्रश्न घेतला होता. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? अमेरिकेत १९६० मध्ये शंभरात जेमतेम पाच जण हो म्हणत. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत तिघांत एक.

त्यांच्याकडे तापमापीचाही प्रश्न असतो. ० ते १०० मधला आकडा द्यायचा. ० म्हणजे अगदी थंड, १०० म्हणजे खूप आपुलकी, ५० म्हणजे ना ऊब ना गारवा. तुम्ही दोन चिठ्ठ्या करा. एकीवर मत, दुसरीवर "ज्यांचं मत तुमच्या उलट आहे अशा शेजाऱ्यांबद्दल किती आपुलकी वाटते". नाव लिहून घेऊ नका. आणि एकच प्रश्न नका विचारू, पाच-सहा वाक्यं द्या, प्रत्येकापुढे पटतं, पटत नाही किंवा सांगता येत नाही. तैवानात २०१५ मध्ये उबरच्या टॅक्सींवरून वाद होता, तेव्हा तिथे पोल.इस (Pol.is) नावाच्या ऑनलाइन साधनाने असंच केलं. त्या साधनात दुसऱ्याच्या वाक्याला उत्तर देताच येत नाही, फक्त पटलं की नाही एवढं सांगता येतं. त्यामुळे भांडायला जागा राहिली नाही आणि दोन्ही बाजूंना पटणारी वाक्यं वर आली.

एक सावधगिरी. दोघींना एकमेकींचे मुद्दे पाठवत बसू नका. २०१८ मध्ये क्रिस्टोफर बेल यांच्या प्रयोगात लोकांना महिनाभर उलट बाजूचे ट्वीट वाचायला दिले. रिपब्लिकन मवाळ व्हायचे सोडून आणखी कडक झाले.

---

टेकडीची_वाट

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. सांगितलंत ते सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

फिरस्ता काका, तुमचं पहिलं वाक्य वाचून त्याच रात्री रजिस्टर पुन्हा उघडलं. ४८० पैकी २५१ प्रतिक्रिया सात माणसांच्या निघाल्या. सात! चार रस्त्याच्या बाजूचे, तीन विरोधातले. सत्तावीस वर्षं मुलांना "एकक कोणतं ते आधी लिहा" म्हणून सांगितलं आणि स्वतः एकक लिहिलं नव्हतं. याचं फार वाईट वाटलं. मग प्रत्येक माणसाच्या सगळ्या प्रतिक्रियांचा मीडियन घेतला, एका माणसाला एक आकडा. प्रतिक्रिया मोजल्या तेव्हा १ आणि ५ वरचे दोन मनोरे दिसत होते. माणसं मोजल्यावर ते निम्म्याहून खाली आले, आणि २ आणि ४ उंचावले. ३ मात्र तरीही रिकामाच.

तो का रिकामा, ते झेडब्रिजमुळे कळलं. माझी भाची डहाणूकर कॉलनीत राहते, तिला शंभर प्रतिक्रिया दिल्या, नुसतं बाजूने की विरोधात एवढं लिहायला. ८० जुळल्या. मी खूश. मग काप्पा काढला. मी ५० विरोधात धरल्या होत्या, तिने ६०, म्हणजे नुसत्या योगायोगाने ५० जुळल्याच असत्या. ८० वजा ५०, भागिले १०० वजा ५०. उत्तर ०.६. बरं आहे, छान नाही.

न जुळलेल्या २० आम्ही तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर पसरल्या. त्यातल्या १५ अशा होत्या की मी "बाजूने" लिहिलं होतं आणि तिने "विरोधात". एक जशीच्या तशी देते: "रस्ता करा, पण एकही झाड न तोडता आणि पाणी मुरायची जागा ठेवून." मी "रस्ता करा" वाचलं. भाची म्हणाली, "मावशी, असा रस्ता होणारच नाही, म्हणजे हा विरोधच ना?" आम्ही दोघी भांडलो नाही, पण अर्धा तास बोललो. मग बाकीच्या बघितल्या. पंधरापैकी अकरांत "पण" होता. "कोंडी सुटलीच पाहिजे, पण टेकडी फोडून नको." "टेकडी जपा, पण मग लॉ कॉलेज रस्त्याचं काय ते सांगा." मधली माणसं गटात होती. मीच त्यांना उचलून कुठल्यातरी बाजूला बसवत होते, भाची उलट्या बाजूला बसवत होती, आणि मग मध्य रिकामा म्हणून मीच हळहळत होते.

"पण" असलेल्या सगळ्या प्रतिक्रिया आम्ही दोघींनी मिळून नव्याने वाचल्या आणि जिथे दोन्ही बाजूंची अट होती तिथे ३ दिला. आकडेमोड, तुमचं गणित मग केलं, १ आणि २ एकत्र धरून, कारण मोर्चात ते एकत्रच चालले होते. रस्त्याचा वाद आणि पार्किंगचा वाद यांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. अंगठ्यांचा रकाना मात्र झेडब्रिज म्हणतात तसाच निघाला: रस्त्याच्या वादात पलीकडच्याला दिलेला अंगठा शोधावा लागतो, उत्तरं मात्र सगळी पलीकडच्यालाच.

मग चिठ्ठ्या. आमच्या सोसायटीत ६४ घरं आहेत. पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि दोन रविवार फिरले. ३७ चिठ्ठ्या आल्या. काका म्हणाले तसं दोनदा जावं लागलं. दुसऱ्या खेपेला ज्यांनी दिल्या त्यांच्यात "सांगता येत नाही" जास्त. मतांच्या चिठ्ठीवर दोन्ही वाद सारखेच पसरलेले. तापमापीवर मात्र नाही. पार्किंगबद्दल उलट मताच्या शेजाऱ्यांना बहुतेकांनी ५० किंवा त्याच्या वर दिले. रस्त्याबद्दल बहुतेक आकडे ४० च्या खाली. तीन जणांनी ० लिहिला आणि एकाने त्याच्याभोवती गोल केला.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. मी मतांच्या पट्टीवर जे शोधत होते ते त्या पट्टीवर नव्हतंच.

सहा वाक्यांची चिठ्ठीही केली. "पौड फाट्याकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बस वाढवाव्यात" हे दोन्ही बाजूंना पटलं. "लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला चालता येत नाही" हेही. "टेकडीवर कचरा टाकणाऱ्याला दंड व्हावा" यावर तर एकच नकार. "महापालिका लोकांचं ऐकते" हे दोन्हीकडे कुणालाच पटलं नाही.

आमच्या गटातल्या दोघींकडे मी वेगवेगळ्या दिवशी गेले. दोघींनी चहा दिला आणि दोघींनी चिठ्ठी भरली. नाव लिहायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण अकरा वर्षांत एकमेकींना उपासाच्या पदार्थांच्या कृती लिहून दिल्यात, अक्षर ओळखू येतंच. डबा उघडला तेव्हा दोन्ही हातात आल्या. मत कुणाचं काय ते मला आधीच ठाऊक होतं. तापमापीच्या ओळीवर काय लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही आणि त्यांनाही सांगितलेलं नाही. त्या दोन चिठ्ठ्या मी वेगळ्या काढल्या नाहीत. बाकीच्या ३५ बरोबर त्या डब्यातच आहेत.

---

सदाशिवातला_फिरस्ता

बाई, बरोबर केलंत. डबा जपून ठेवा आणि पाऊस सुरू झाला की त्याच ६४ घरांत पुन्हा जा, तेच शब्द, तोच क्रम. एकदा घेतलेल्या तापावरून चढतोय की उतरतोय हे कळत नाही.

---

टेकडीची_वाट

हो काका. जूनच्या तिसऱ्या रविवारी निघेन. वहीत लिहून ठेवलं आहे.